वाचकांचे प्रश्न : होडीच्या सागवानावरचे वॉर्निश

होड्यांच्या लाकूडकामाविषयी या खेपेस पाच पत्रे आली आहेत आणि पाचही पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : उघड्यावर, उन्हात आणि खाऱ्या हवेत राहणाऱ्या लाकडावर वॉर्निश टिकत का नाही. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण पुढच्या उत्तरांचा पाया त्यात आहे.

प्रश्न : आमची सात मीटर लांबीची फायबरची होडी आहे. पर्यटकांना फिरवून आणण्यासाठी आम्ही ती वापरतो. होडीच्या दोन्ही काठांवर सागवानी पट्टी आहे, बसायच्या फळ्यांच्या कडा आणि सुकाणूचा दांडाही सागवानी आहे. दसऱ्याच्या सुमारास सुताराकडून या सगळ्यावर मेलामाइन पॉलिशचे तीन हात मारून घेतले. तेव्हा काम आरशासारखे दिसत होते. होळीपर्यंत जागोजागी पापुद्रे निघू लागले, स्क्रूंच्या भोवती काळे डाग पडले आणि काठाच्या वरच्या अंगाचे लाकूड करडे दिसू लागले. कोणत्या कंपनीचे वॉर्निश घ्यावे आणि किती हात मारावेत? (मालवण)

उत्तर : आपल्या सुताराने काम मन लावून केले असणार, कारण तीन हातांत आरशासारखी चकाकी आणणे सोपे नसते. चूक त्याच्या हाताची नसून मालाची आहे. मेलामाइन हे घरातल्या कपाटाचे आणि पलंगाचे पॉलिश आहे. ते सुकल्यावर कडक होते आणि त्या कडकपणामुळेच घरात चांगले चालते. पण होडीवरचे लाकूड सकाळी दवाने फुगते, दुपारी उन्हाने आकसते आणि हा खेळ रोज चालतो. कडक थराला त्या हालचालीबरोबर ताणता येत नाही, म्हणून त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात, त्या भेगांतून पाणी आत शिरते आणि मग पापुद्रा सुटतो.

दुसरे कारण ऊन. लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारा लिग्निन नावाचा घटक सूर्याच्या अतिनील किरणांनी मोडतो. पारदर्शक थरातून हे किरण आरपार जातात, त्यामुळे वरचे वॉर्निश शाबूत असतानाही त्याच्या खालच्या लाकडाचा अगदी वरचा, कागदाएवढा भाग भुसभुशीत होऊ शकतो. आपल्या होडीवरचा एखादा सुटलेला पापुद्रा उलटा करून पाहावा. त्याच्या पाठीला लाकडाचे बारीक करडे तंतू चिकटलेले असतील, तर उन्हाने लाकूडच सोडले असे समजावे. पाठ स्वच्छ आणि गुळगुळीत असेल, तर वॉर्निशने मुळात लाकडाला धरलेच नव्हते. म्हणजे लावताना लाकूड ओलसर होते किंवा सागवानाचे स्वतःचे तेल वर आलेले होते. ही तपासणी करायला एक मिनिट लागते आणि पुढच्या कामात कशाची काळजी अधिक घ्यायची हे तिच्यावरून ठरते.

आता माल कोणता घ्यावा हे पाहू. कंपनीच्या नावापेक्षा जातीला महत्त्व आहे. पूर्वीच्या शिडाच्या जहाजांवर डोलकाठ्या आणि परबाणे, म्हणजे शीड बांधायची आडवी लाकडे, वाऱ्याने सतत वाकत असत. त्यांच्यावरचा थर लाकडाबरोबर वाकावा म्हणून राळेच्या मानाने तेलाचे प्रमाण जास्त ठेवून केलेले वॉर्निश वापरले जाई. आज दुकानांत ‘मरीन’ किंवा ‘यॉट’ वॉर्निश म्हणून मिळते ते त्याच घराण्यातले. त्यात जवसाचे किंवा तुंग तेल असते आणि चांगल्या मालात अतिनील किरण शोषून घेणारी द्रव्येही घातलेली असतात. डब्यावर उघड्यावरील वापरासाठी असे लिहिलेले आहे का आणि अतिनील संरक्षणाचा उल्लेख आहे का, एवढे दोन शब्द शोधावेत. लाखेचे पॉलिश, मेलामाइन आणि फर्निचरचे लॅकर या कामासाठी घेऊच नये.

किती लागेल याचा हिशेबही सांगतो, कारण निम्म्या कामात डबा संपला की माणूस शेवटचे हात गाळतो. दोन्ही काठांची मिळून लांबी १४ मीटर आणि पट्टीचा उघडा घेर सुमारे १५ सेंटीमीटर धरला, तर क्षेत्र जेमतेम २ चौरस मीटर होते. आठ हातांचे १७ चौरस मीटर होतात. लिटरमागे १२ चौरस मीटर धरले तर दीड लिटर पुरते. फळ्यांच्या कडा आणि दांडा धरून दोन लिटर घ्यावे.

जुने पॉलिश सगळे काढावे लागेल. मेलामाइनच्या चिकटून राहिलेल्या तुकड्यांवर तेलाचे वॉर्निश मारले, तर ते तुकडे पुढच्या उन्हाळ्यात नव्या थरासकट सुटतील. हीट गनने मऊ करून खरवडणे ही जलद पद्धत आहे, पण आपली होडी फायबरची आहे आणि तापलेल्या हवेने फायबरवरचा चकाकीचा थर करपतो किंवा फुगतो. रंग काढण्याची रसायनेही त्याला खातात. म्हणून पट्टीच्या मधल्या भागावरच गन वापरावी आणि फायबरला लागून असलेल्या दोन बोटे भागात धारदार स्क्रेपरने कोरडेच खरवडावे. स्क्रेपरला दर दहा मिनिटांनी कानशीने धार लावावी. बोथट स्क्रेपर पॉलिश काढत नाही, लाकूड मात्र ओरबाडतो.

स्क्रूंभोवतीचे काळे डाग बहुधा लोखंडाचे असतील. लाकडातल्या टॅनिनचा गंजाशी संयोग झाला की शाईसारखा काळा रंग तयार होतो. चुंबक लावून पाहिले की स्क्रू कशाचे आहेत याचा अंदाज येईल. साधे लोखंडी किंवा झिंकचा मुलामा दिलेले असतील, तर ते काढून ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे बसवावेत. ते न करता डाग घालवण्यात अर्थ नाही, कारण ते परत येतील. नवे स्क्रू बसवताना त्यांचे डोके लाकडात थोडे खाली जाईल असे खड्डे करून वर सागवानाची लहान बुचे बसवावीत. बुचाच्या रेषा पट्टीच्या रेषांना समांतर ठेवल्या, तर ती जागा सहसा ओळखू येत नाही. बूच गोंदाने न चिकटवता वॉर्निशमध्येच बुडवून ठोकावे, म्हणजे पुढे स्क्रू काढायची वेळ आली तर ते लाकूड न फोडता निघते.

उरलेले डाग ऑक्झॅलिक आम्लाने फिके होतात. लिटरभर कोमट पाण्यात साधारण ६० ते ८० ग्रॅम स्फटिक प्लॅस्टिकच्या बादलीत विरघळवून ब्रशने लावावे, वीस मिनिटे थांबावे आणि भरपूर गोड्या पाण्याने दोन-तीन वेळा धुवावे. हे द्रव्य विषारी आहे. हातमोजे आणि चष्मा घालावा, मुलांना आणि जनावरांना लांब ठेवावे आणि धुण्यात कसूर करू नये. लाकडावर राहिलेले स्फटिक पुढे घासताना धुळीबरोबर नाकात जातात.

यानंतर घासणे. ८० नंबरच्या पॉलिशपेपरने सुरुवात करून १२० आणि मग १८० वर यावे, नेहमी रेषांच्या दिशेनेच. करडे झालेले लाकूड पूर्ण जाऊन खालचा तांबूस-पिवळा सागवान दिसेपर्यंत ८० नंबर सोडू नये. याच वेळी सगळ्या धारदार कडा दोन-तीन मिलिमीटर गोल कराव्यात. ही सूचना किरकोळ वाटते आणि म्हणून नेहमी वगळली जाते; पण कोणताही पातळ पदार्थ धारेवरून ओघळून दोन्ही अंगांना सरकतो, तेथे थर सर्वांत पातळ राहतो आणि पहिला पापुद्रा नेहमी तेथूनच निघतो. पट्टीची आडवी कापलेली टोकेही अशीच. लाकूड आडवे कापले की त्याच्या नळ्यांची तोंडे उघडी पडतात आणि ती पाणी शोषतात. म्हणून टोकांना इतर भागापेक्षा दोन-तीन हात अधिक द्यावेत. स्टीलचा काथ्या घासायला कधीही वापरू नये. एका दांड्यावर मी तो वापरला होता आणि महिन्याभरात वॉर्निशच्या आत गंजाचे शेकडो ठिपके उमटले; सगळे काम पुन्हा करावे लागले.

घासून झाल्यावर गोड्या पाण्याने पुसावे आणि पूर्ण वाळू द्यावे, कारण मिठाचा कण थराखाली राहिला तर तो हवेतला ओलावा ओढत राहतो. मग पांढऱ्या सुती फडक्यावर अ‍ॅसिटोन घेऊन लाकूड पुसावे. फडके पिवळे-तपकिरी होईल. तेच सागवानाचे तेल. ते वॉर्निशला धरू देत नाही आणि सुकण्यातही अडथळा आणते. अ‍ॅसिटोन उडून गेले की लगेच, त्याच तासात, पहिला हात मारावा. दुसऱ्या दिवसावर टाकले तर तेल पुन्हा वर येते.

पहिला हात निम्मे वॉर्निश आणि निम्मे टर्पेंटाइन किंवा डब्यावर सांगितलेला थिनर असा पातळ असावा, म्हणजे तो लाकडात मुरतो. दुसऱ्यात थिनर एक चतुर्थांश, तिसऱ्यापासून नाममात्र. डबा हलवू नये, कारण हवेचे बुडबुडे तासभर जात नाहीत. लागेल तेवढे मलमलीतून गाळून दुसऱ्या भांड्यात घ्यावे आणि उरलेले डब्यात परत ओतू नये. ब्रश मऊ केसांचा असावा. हातभर लांबीचा भाग आधी आडवा पसरून, मग ब्रशच्या टोकाने हलकेच लांबीच्या दिशेने ओढून घ्यावा आणि आधीच्या ओल्या कडेत मिळवावा. पुढे गेल्यावर मागे वळून दुरुस्ती करू नये. राहिलेला दोष पुढच्या हाताआधी घासताना जातो, पण अर्धवट सुकलेल्या थरावर फिरवलेला ब्रश त्याचे वळ उमटवून ठेवतो. दोन हातांच्या मध्ये रात्र जाऊ द्यावी आणि तिसऱ्या हातापासून प्रत्येक वेळी ३२० नंबरने चकाकी मोडेपर्यंत हलके घासावे. असे एकूण आठ हात. सहाच्या आत थांबलेले काम आपल्या किनाऱ्यावरच्या उन्हात वर्ष काढेल अशी मी खात्री देणार नाही.

वेळ निवडणे हा अर्धा भाग आहे. कोकण किनाऱ्यावर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. सकाळी दव पूर्ण सुकू द्यावे. साधारण साडेनऊपर्यंत मतलई वारा ओसरलेला असतो आणि दुपारी खारा वारा वाढून धूळ आणि मीठ आणू लागेपर्यंत मधले दोन-अडीच तास हवा शांत असते. तेवढ्यात हात मारून संपवावा, तोही सावलीत, कारण तापलेल्या लाकडावर वॉर्निशची वरची साय लगेच धरते आणि आतला थिनर बाहेर पडताना फोड आणतो. दुपारी दोननंतर ब्रश हातात घेऊ नये. संध्याकाळचे दव ओल्या थरावर पडले की चकाकी जाऊन दुधट झाक येते.

फायबरला वॉर्निश लागू नये म्हणून चिकटवलेली मास्किंग टेप हात मारून झाला की त्याच दिवशी काढावी. दोन दिवस उन्हात राहिलेल्या टेपचा गोंद फायबरवरून काढणे हे वेगळेच काम होऊन बसते. आणि एक गोष्ट जिवाच्या काळजीने सांगतो : जवसाच्या किंवा तुंग तेलाच्या वॉर्निशने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि ढिगात ती कोंडून चिंध्या आपोआप पेट घेतात. त्या पाण्याच्या बादलीत बुडवाव्यात किंवा एकेक सुटी पसरून वाळवावी.

यापुढचे उत्तर आपण विचारलेले नाही, पण मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. आठ हातांचे काम एकदा उभे राहिले की दर चार महिन्यांनी, थर अजून धडधाकट दिसत असतानाच, ३२० ने घासून एक-दोन हात द्यावेत. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढण्याआधी मे महिन्यात आणि पाऊस संपून हवा कोरडी झाल्यावर, या दोन वेळा तर चुकवूच नयेत. अतिनील किरण शोषणारी द्रव्ये वापराबरोबर संपत जातात आणि वरचा थर झिजतो. नवा हात म्हणजे त्यांची भरपाई. हे काम एका सकाळचे आहे. पापुद्रा दिसेपर्यंत थांबलात, तर पुन्हा स्क्रेपरपासून आठ-दहा दिवस. पावसाळ्यात झापांचा किंवा ताडपत्रीचा मांडव होडीपासून हात-दीड हात उंच बांधावा. ताडपत्री थेट लाकडावर टाकली, तर खाली घाम धरतो आणि बुरशी येते.

प्रश्न : आमची लाकडी होडी वडिलांच्या वेळची आहे. तिला वर्षातून एकदा काजूच्या टरफलाचे तेल, म्हणजे डिंबेल, आणि माशाचे तेल लावत आलो. आता नातू म्हणतो की काठाला आणि वल्ह्यांना वॉर्निश करू. ते होडीला मानवेल का? (देवगड)

उत्तर : मानवण्याचा प्रश्न आधी घेतो. सागवानाला जगण्यासाठी वॉर्निश लागत नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातल्या कारागिरांनी सागवानात बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज १८१७ साली पाण्यात उतरले आणि ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगते आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली ती ‘सुहेली’ ही होडीही मुंबईतच सागवानात बांधलेली. लाकूड चांगले, सांधे घट्ट आणि पाणी साचू न देणारी बांधणी असली, की सागवान उघडा राहून करडा पडतो, पण कुजायला फार वर्षे घेतो. वॉर्निश हे मुख्यतः रूपासाठी, आणि हाताला लागणारे लाकूड गुळगुळीत व तेलकट डागांपासून स्वच्छ राहावे यासाठी असते.

आपले वडीलधारे जे लावत आले त्याला भक्कम कारण आहे. काजूच्या टरफलाच्या तेलात फिनॉल वर्गातली द्रव्ये असतात आणि ती किडीला व बुरशीला पोषक नसतात. तारलीसारख्या माशाचे तेल हवेत हळूहळू सुकून लाकडात पाणी शिरणे कमी करते. दोन्ही तेले लाकडात मुरतात, वर पापुद्रा धरत नाहीत, म्हणून पापुद्रा निघण्याचा प्रश्नच येत नाही. वर्षाला एक दिवस काम, आणि ते काम करायला कारागीर लागत नाही. मासेमारीच्या होडीच्या अंगाला, तळाला आणि आतल्या फळ्यांना माझ्या मते हीच रीत चालू ठेवावी. मात्र डिंबेल कच्चे असताना कातडीवर फोड आणते, हे नातवाला सांगून ठेवावे आणि हातमोज्यांशिवाय त्याला ते लावू देऊ नये.

नातवाच्या म्हणण्यातही तथ्य आहे, पण एक अडचण आहे. टरफलाच्या तेलातली जी द्रव्ये लाकूड राखतात, तीच वॉर्निशचे सुकणे रोखतात. वर्षानुवर्षे डिंबेल प्यालेल्या काठावर वॉर्निश लावले, तर ते महिनाभर चिकट राहील आणि मग अंगठ्याने खरवडून निघेल. कितीही घासले तरी आत मुरलेले तेल उन्हात वर येत राहणार. म्हणून जुन्या काठाला हात लावू नये. वॉर्निशची हौस नव्या लाकडावर करावी : पुढची वल्ही घडवाल तेव्हा त्यांना आधीपासून तेल न लावता वरच्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे वॉर्निश करावे. त्यातही मुठीचा भाग कोरा ठेवावा. चकाकणारी मूठ ओल्या हातात निसटते आणि तळहाताला फोड आणते. वल्हे मारणाऱ्या प्रत्येकाला याचा अनुभव असतो.

प्रश्न : मी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहतो आणि मित्रांबरोबर एक जुनी शिडाची होडी घेतली आहे. ऑक्टोबरच्या शेवटी एका रविवारी ऊन पाहून तिच्या दाराच्या चौकटीला आणि काठाला वॉर्निश केले. आठवडा झाला तरी बोट लावले की ठसा उमटतो आणि चकाकी मुळीच नाही. वॉर्निश काढून टाकावे का? (साउदॅम्प्टन)

उत्तर : लगेच काढू नये. तेलाचे वॉर्निश थिनर उडून जाण्याने पूर्ण सुकत नाही. त्यातल्या तेलाला हवेतला प्राणवायू घेऊन एकमेकांत गुंफावे लागते आणि थंडीत ही क्रिया फार मंदावते. दहा अंश सेल्सिअसच्या खाली बहुतेक वॉर्निशे जवळजवळ थांबतात. शिवाय तिकडे इंग्लंडमध्ये ऑक्टोबरअखेर दुपारी चारनंतरच लाकूड इतके गार होते की त्यावर दव धरते. चकाकी त्या पहिल्याच संध्याकाळी गेली असणार.

होडी छपराखाली नेता आली तर न्यावी आणि दोन-तीन आठवडे हवेशीर, थोड्या उबदार जागी ठेवावी. थर कडक झाला, तर ३२० ने घासून मे-जूनमध्ये वर नवे हात देता येतील. तेवढ्या काळानंतरही नखाने खळी पडत असेल, तरच काढावे. तेव्हा कारण थंडी नसून लाकडातले तेल असेल आणि पुढच्या वेळी अ‍ॅसिटोनने पुसणे चुकवू नये. पुढच्या वर्षी काम मे ते ऑगस्टमध्ये करावे आणि हवेच्या तापमानाऐवजी लाकडावर हात ठेवून पाहावा. उन्हाळ्यातल्या सकाळीही सावलीतली चौकट हवेपेक्षा बरीच गार असते.

प्रश्न : माझी होडी मुंबई बंदरात नांगरलेली असते. एका कंत्राटदाराने सुचवले आहे की सागवानावर आधी इपॉक्सी राळेचे दोन थर द्यावेत आणि वर दोन डब्यांचे पॉलियुरेथेन मारावे, म्हणजे पाच वर्षे बघायला नको. खर्च दुप्पट आहे. करावे का? (मुंबई)

उत्तर : दोन डबे मिसळून वापरायचे पॉलियुरेथेन साध्या वॉर्निशपेक्षा कडक असते, ओरखडे कमी घेते आणि चकाकी जास्त दिवस धरते, हे खरे आहे. पण ‘बघायला नको’ हे शब्द मला धोक्याचे वाटतात. हा थर कडक असल्यामुळे जेथे लाकडाची हालचाल होते तेथे, म्हणजे सांध्यांवर आणि स्क्रूंपाशी, तो कधी ना कधी फाटतो. फट केसाएवढी असते, पण तिच्यातून शिरलेले पाणी बाहेर पडू शकत नाही आणि थराखाली पसरत जाते. साधे वॉर्निश असे बिघडले तर त्या जागेपुरते घासून दुरुस्त होते. इपॉक्सीसकट बिघडलेला थर काढणे हे अतिशय कष्टाचे काम आहे आणि त्यात पुष्कळ लाकूडही जाते.

म्हणून भाग वेगळे करून विचार करावा. सुटा काढता येणारा आणि सगळ्या बाजूंनी, टोकांसकट, पूर्ण गुंडाळता येणारा तुकडा असेल, उदाहरणार्थ सुकाणूचा दांडा, शिडीच्या पायऱ्या किंवा सुटे टेबल, तर तेथे ही पद्धत उत्तम चालते. होडीला पक्की बसवलेली, खालून उघडी आणि स्क्रूंनी भोके पडलेली काठाची पट्टी असेल, तर साधे तेलाचे वॉर्निशच बरे. इपॉक्सीला स्वतःला ऊन सोसत नाही. ते पिवळे पडून भुकटी होते. तेव्हा त्यावरचे पॉलियुरेथेन उन्हापासून संरक्षण देणारे आणि पुरेसे जाड आहे का, हे विचारून घ्यावे. शिवाय त्या दुसऱ्या डब्यातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात आणि ती श्वसनमार्गाला घातक आहेत. कामगारांना योग्य गाळणीचा मास्क दिला जाणार आहे का, हा प्रश्न आपण मालक म्हणून विचारायलाच हवा. नाकाला बांधलेला रुमाल त्यासाठी पुरत नाही. फवारणी होणार असेल, तर नुसत्या गाळणीवर भागत नाही, बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क लागतो.

आणखी एक सूचना. आपल्या होडीवर सांधे बुजवण्यासाठी कोठे सिलिकॉन वापरले आहे का ते आधी पाहावे. त्याचा अंश लाकडावर राहिला, तर कोणतेही वॉर्निश त्या जागी माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे धरून मागे सरकते आणि साध्या पुसण्याने तो अंश जात नाही. सागवानाचे सांधे बुजवायला पॉलिसल्फाइडचे लुकण वापरावे.

प्रश्न : काठाच्या वॉर्निशवर धक्क्याला घासून एक वीतभर ओरखडा गेला आहे, लाकूड दिसते आहे. बाकी काम चांगले आहे. सगळी पट्टी पुन्हा करावी लागेल का? (पणजी)

उत्तर : नाही, पण आजच काहीतरी करावे. उघडे पडलेले लाकूड गोड्या पाण्याने पुसून वाळवावे आणि त्यावर पातळ केलेल्या वॉर्निशचा एक हात लगेच द्यावा. घासत बसू नये. तेवढ्याने पाणी आत शिरणे थांबते. नखांच्या पॉलिशच्या रिकाम्या, अ‍ॅसिटोनने धुतलेल्या बाटलीत थोडे वॉर्निश भरून होडीवरच ठेवले, तर झाकणाला ब्रश असतोच आणि असे काम पाच मिनिटांत होते.

पुढे सवडीने ओरखड्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटांपर्यंत १८० आणि मग ३२० ने घासून जुन्या थराची कड उतरती करावी, म्हणजे बोट फिरवले तर पायरी लागू नये. लाकूड करडे झाले असेल तर तेवढेच तांबूस होईपर्यंत घासावे. अ‍ॅसिटोन तेथे फक्त उघड्या लाकडाला लावावे, शेजारच्या वॉर्निशला लागले तर ते मऊ पडते. मग रोज एक याप्रमाणे पाच-सहा लहान हात, प्रत्येक आधीच्यापेक्षा बोटभर पुढे नेत, आणि खळगा भरून आला की शेवटचा हात एका सांध्यापासून दुसऱ्या सांध्यापर्यंत पूर्ण पट्टीवर. नव्या भागाचा रंग सुरुवातीला फिका दिसेल. दोन महिन्यांच्या उन्हात तो जुन्यात मिसळतो.